गव्हाचे जनुकीय नकाशांकन

गव्हाचे जनुकीय नकाशांकन म्हणजे उत्पादन, दाण्याचे वजन, अवर्षण किंवा उष्णता सोसण्याची क्षमता अशा गुणधर्मांवर परिणाम करणारी जनुके कोणत्या गुणसूत्रावर आणि त्याच्या कोणत्या भागात आहेत, हे शोधण्याची पद्धत होय. या माहितीचा उपयोग नवे वाण निर्माण करताना योग्य रोपांची निवड करण्यासाठी होतो.

पार्श्वभूमी

पोळी व पावासाठी वापरला जाणारा सामान्य गहू षट्‌गुणित आहे. त्याच्या पेशीत ए, बी आणि डी या तीन उपजीनोमांची मिळून गुणसूत्रांच्या २१ जोड्या असतात. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या तीन प्रती आढळतात व एका प्रतीतील बदलाचा परिणाम इतर दोन प्रतींमुळे झाकला जाऊ शकतो. गव्हाचा जीनोम मानवी जीनोमाच्या सुमारे पाचपट मोठा आहे. 'चायनीज स्प्रिंग' या वाणाचा संदर्भ जीनोम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

उत्पादन हा गुणधर्म एका जनुकावर अवलंबून नसतो. फुटव्यांची संख्या, ओंबीतील दाणे आणि दाण्याचे वजन यांवर अनेक जनुकांचा थोडाथोडा प्रभाव पडतो. त्यात हवामान व जमिनीचीही भर पडते. अशा गुणधर्मावर परिणाम करणाऱ्या गुणसूत्रखंडास परिमाणात्मक गुणस्थान किंवा 'क्यूटीएल' म्हणतात.

पद्धत

प्रथम परस्परभिन्न गुणांच्या दोन वाणांचा संकर करतात. त्याच्या संततीचे अनेक पिढ्या स्वपरागण करून स्थिर वंशावळी तयार करतात. एका वंशावळीतील रोपे जवळजवळ एकसारखी असल्याने तिची चाचणी अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत घेता येते. प्रत्येक वंशावळीतील डीएनए मार्कर तपासून सहलग्नता नकाशा बनवतात. त्यावरील अंतर सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. कमी अंतरासाठी एक सेंटिमॉर्गन म्हणजे सुमारे १ टक्का पुनर्संयोजन. एखादा मार्कर असलेल्या व नसलेल्या वंशावळींच्या उत्पादनात सातत्याने फरक दिसल्यास त्या मार्करजवळ क्यूटीएल असल्याचे सांख्यिकीय अनुमान काढतात.

उत्पादनाशी संबंधित स्थाने

सर्वांत परिचित उदाहरण 'आरएचटी' या बुटकेपणाच्या जनुकांचे आहे. ही जनुके ४बी व ४डी गुणसूत्रांवर असून त्यांची बुटकी रूपे जपानच्या 'नोरिन १०' या वाणातून आली. या रूपांमुळे झाड जिबरेलिन या संप्रेरकास कमी प्रतिसाद देते, दांडा आखूड राहतो, पीक लोळत नाही आणि अधिक अन्नद्रव्य ओंबीकडे जाते. हरितक्रांतीतील बुटके गहू याच रूपांवर आधारलेले होते. मात्र त्यांमुळे अंकुराचे आवरणही आखूड होते. कोरड्या जमिनीत ओल गाठण्यासाठी बी खोल पेरावे लागते, तेथे उगवण कमी होण्याचा धोका असतो.

ताण सहनशीलता

अवर्षण व उष्णतेच्या अभ्यासात एक अडचण येते. लवकर फुलोऱ्यावर येणारे झाड ताणाच्या काळाआधीच पक्व होते. ते ताण सोसत नाही, टाळते. म्हणून 'सेरी' व 'बाबॅक्स' यांच्या संकरातील १६७ वंशावळींच्या अभ्यासासाठी उंची व फुलोऱ्याचा काळ यांत फारसा फरक नसलेला समूह निवडला गेला. त्यात ४ए गुणसूत्रावरील एका स्थानाने अवर्षणात उत्पादनातील २७ टक्के, तर उष्णतेत १७ टक्के फरक स्पष्ट केला.

क्षारतेच्या बाबतीत 'नॅक्स२' हे स्थान महत्त्वाचे ठरले. एका प्राचीन गव्हाच्या जातीतून आलेले हे स्थान सोडियम पानांपर्यंत पोहोचू देत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत त्याच्यामुळे क्षारपड जमिनीत ड्युरम गव्हाचे उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढले.

उपयोग व मर्यादा

मार्करच्या साहाय्याने रोपावस्थेतच निवड करता येत असल्याने वेळ वाचतो. महाराष्ट्रात थंडीचा काळ अल्प असून उशिरा पेरलेल्या गव्हाचे दाणे भरताना तापमान वाढते. त्यामुळे उष्णता सहनशीलतेची स्थाने येथे विशेष उपयुक्त ठरू शकतात. तथापि एका संकरात सापडलेले स्थान दुसऱ्या वाणात किंवा प्रदेशात तितकेच प्रभावी असेल असे नाही. म्हणून लागवडीची शिफारस करण्यापूर्वी स्थानिक शेतांवरील चाचण्या आवश्यक असतात.