‘तरतूद’ म्हणजे ‘खर्च’ नव्हे : शासकीय आरोग्यनिधीची परिभाषा

प्रास्ताविक

‘आरोग्यासाठी भरीव तरतूद’ असा मथळा आपण दरवर्षी मार्च महिन्यात वाचता. त्याच वर्षी गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात ‘औषध बाहेरून आणा’ असेही ऐकता. ही विसंगती समजण्यासाठी अर्थसंकल्पाच्या भाषेतील काही संज्ञा नेमकेपणाने जाणून घेणे आवश्यक आहे.

विषय-विवेचन

१. जबाबदारी : ‘सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने’ हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो. त्यामुळे शासकीय रुग्णालयांचा मुख्य भार राज्य शासनावर असतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या योजनांत केंद्र शासनही वाटा उचलते. महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्य यांच्या वाट्याचे प्रमाण ६०:४० असे आहे.

२. तीन रकमा : एकाच बाबीसाठी तीन वेगळ्या रकमा आढळतात. ‘अर्थसंकल्पीय अंदाज’ ही येत्या वर्षासाठी अपेक्षिलेली रक्कम. ‘सुधारित अंदाज’ ही चालू वर्षातील दुरुस्त रक्कम. आणि ‘प्रत्यक्ष खर्च’ ही मागील वर्षी खरोखर खर्च झालेली रक्कम. मथळ्यातील तरतूद ही पहिली रक्कम होय. तरतूद म्हणजे विधिमंडळाने दिलेली खर्चाची परवानगी, पैसा नव्हे. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, निधीवितरण, खरेदी व देयक हे टप्पे पार पडावे लागतात. ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली तरतूद सामान्यतः ‘व्यपगत’ होते, म्हणजे तिचा अंमल संपतो. रुग्णाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच असते.

३. महसुली व भांडवली खर्च : ‘वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ या विषयाचा महसुली खर्च २२१० या लेखाशीर्षाखाली, तर भांडवली खर्च ४२१० खाली नोंदवला जातो. इमारत बांधणे हा भांडवली खर्च. परिचारिकेचे वेतन व औषधे हा महसुली खर्च. पहिला झाला आणि दुसरा झाला नाही, तर इमारतीचे उद्‌घाटन होते, पण दाराचे कुलूप निघत नाही.

४. वाक्यरचना : ‘प्रस्तावास तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे’ हे वाक्य पाहा. ‘देण्यात येणे’ या रचनेत कर्ता झाकला जातो. कोणी, केव्हा व किती द्यायचे, हे वाक्य सांगत नाही. ‘तत्त्वतः’ या एका शब्दामुळे मान्यता विचारापुरती उरते. ‘उद्दिष्ट’ हा शब्दही असाच तपासावा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठले गेले नाही. उद्दिष्ट दिशा दाखवते. ते बंधन नसते.

सारांश

शासकीय मराठी क्लिष्ट आहे म्हणून ती बाजूला ठेवू नये. जो नागरिक ‘तरतूद किती?’ यावर न थांबता ‘प्रत्यक्ष खर्च किती, आणि कशावर?’ असे विचारतो, त्याच्या प्रश्नाला मोघम उत्तर देणे अवघड जाते. भाषेचा अभ्यास येथे थेट जगण्याशी जोडला जातो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘तरतूद’ व ‘प्रत्यक्ष खर्च’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. आरोग्यविषयक एखादी बातमी निवडा. तिच्यातील ‘देण्यात येईल’ अशी वाक्ये शोधून, कर्ता उघड करून पुन्हा लिहा. कर्ता सापडला नाही, तर तसे नमूद करा.