वडखळला काजळी जळत नाही

शनिवारी सकाळी मुंबईहून अलिबागला निघालेली डिझेल गाडी पेण ओलांडून वडखळला पोचली, की तिच्या पोटाखाली एक अडचण उभी राहते. आत बसलेल्यांना ती दिसत नाही. त्यांना दिसतो डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे निघालेला ट्रेलर आणि त्याच्या मागे लागलेली रांग. गाडी चार हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते. इंजिन चालू, एसी चालू. गाडीखालच्या एका डब्यात मात्र काजळी साठत चाललेली असते, आणि ती जाळायला लागणारी धग या रांगेत काही केल्या तयार होत नाही.

तो डबा म्हणजे डीपीएफ, धूर गाळणारा फिल्टर. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-सिक्स हे वाहनांच्या धुराचं मानक लागू झालं आणि नव्या डिझेल मोटारींत हा डबा आला. बीएस-फोरवरून आपण थेट सिक्सवर उडी घेतली. मधलं फाइव्ह वगळूनच टाकलं. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम काजळीची मुभा होती, ती साडेचारवर आली. मुंबई ते वडखळ ढोबळमानाने ऐंशी किलोमीटर धरले, तर एवढ्या वाटेत गाडीने सोडायची काजळी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी!

नियम करणारे वजनावर थांबले नाहीत. सर्वांत बारीक कण तराजूत भरतच नाहीत, आणि फुप्फुसात खोलवर उतरतात ते नेमके तेच. म्हणून कण मोजायचं ठरलं. मर्यादा किती, तर किलोमीटरमागे साठ हजार कोटी कण. सहावर अकरा शून्यं. वाचून वाटतं, ही कसली मर्यादा, हे तर मोकळं रान! पण फिल्टर नसलेलं डिझेल इंजिन याच्या कित्येक पट कण ओकतं.

आता त्या डब्यात डोकावू. आत सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यात आरपार गेलेल्या हजारो बारीक नळ्या. गंमत अशी, की शेजारशेजारच्या दोन नळ्यांपैकी एकीचं पुढचं तोंड बुजवलेलं असतं, दुसरीचं मागचं. धूर आत शिरतो, पण त्याला समोर वाटच नाही. मग तो नळीच्या भिंतीतूनच पलीकडे जातो, कोऱ्या माठातून पाणी पाझरावं तसा. वायू पार होतो, काजळी भिंतीला चिकटून राहते. धूर काळा का दिसत नाही, याचं उत्तर एवढंच.

पण अडकलेल्या काजळीचं काय करायचं? कुठलीही गाळणी कधीतरी तुंबतेच. ही मात्र आपली घाण आपणच जाळते. काजळी म्हणजे कार्बन. साधारण 600 अंश सेल्सियसला तो उरल्यासुरल्या ऑक्सिजनमध्ये पेटतो आणि वायू होऊन निघून जातो. मोकळ्या रस्त्यावर इंजिन जोरात चालत असलं, की धूर गरम असतो आणि फिल्टरच्या आधी असलेल्या प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकामुळे त्याहून कमी तापमानातही थोडी थोडी काजळी जळत राहते. चालकाला पत्ताही लागत नाही.

रांगेत उभ्या गाडीचा धूर मात्र शंभर-दोनशे अंशांच्या आसपास रेंगाळतो. काजळी साठतच जाते. मग गाडीतला संगणक शेवटचा उपाय करतो. सिलिंडरमधला स्फोट होऊन गेल्यावर तो आणखी थोडं डिझेल सोडतो, ते उत्प्रेरकावर जाऊन जळतं आणि धुराचं तापमान चढतं. रेडिएटरचा पंखा उगाच घरघरू लागतो, इंजिनाचे फेरे किंचित वाढतात, ॲव्हरेज घसरतं. नेमक्या याच वेळी आपण गाडी बंद करून चहा प्यायला उतरलो, तर काम अर्धवट राहतं. असं वरचेवर झालं, तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली झिरपून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल कमी होण्याऐवजी डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते! जुन्या मिस्त्रीला ही गोष्ट खोटी वाटेल.

डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला, की बहुतेक मॅन्युअल सांगतात: पंधरा-वीस मिनिटं गाडी एकसारख्या वेगाने पळवा. सल्ला बरोबर आहे. फक्त तो लिहिणाऱ्याने मुंबई-गोवा महामार्ग पाहिलेला नसावा. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली, त्यानंतर त्या कामाने किती गणपती पाहिले हे पेणकरांनाच विचारा. बायपासमुळे गोव्याकडची वाहनं वडखळ गावाबाहेरून जाऊ लागली, पण अलिबागच्या फाट्यावरची शनिवार-रविवारची रांग काही हटलेली नाही. स्वच्छ इंजिनाचा नियम दिल्लीत होतो, त्याला लागणारा मोकळा रस्ता इथे नसतो. ही तफावत भरून काढायचं काम आपसूक गाडीमालकाच्या गळ्यात पडतं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

काजळीपेक्षा अद्भुत गोष्ट नायट्रोजनची आहे. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन, अगदी निरुपद्रवी. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत मात्र तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड्स तयार होतात, उन्हात ओझोन बनवणारे आणि दम्याच्या माणसाला छळणारे. डिझेल मोटारींसाठी त्यांची मर्यादा किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आली. त्यासाठी बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत वेगळी टाकी आली, ॲडब्लूची. आत काय, तर पाण्यात विरघळवलेला 32.5 टक्के युरिया.

वडखळहून अलिबागकडे जाणाऱ्या याच रस्त्याने पुढे गेलं, की थळला आरसीएफचा युरियाचा कारखाना लागतो. तिथे हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूतला हायड्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र आणून अमोनिया करतात, अमोनियापासून युरिया. आता गाडीकडे या. तापलेल्या धुरात युरियाचा फवारा उडतो, त्याचा पुन्हा अमोनिया होतो, तो नायट्रोजन ऑक्साइड्सना गाठतो आणि उरतं काय? पाण्याची वाफ आणि नायट्रोजन. इतक्या खटाटोपाने हवेतून काढलेला नायट्रोजन परत हवेत, जसाच्या तसा.

(भातशेतीचा युरिया टाकीत कालवून पैसे वाचवायची कल्पना कोणाला सुचलीच, तर ती तिथेच सोडून द्यावी. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो आणि त्यातली इतर अशुद्धी फवाऱ्याची तोटी आणि उत्प्रेरक दोन्ही बाद करते. ॲडब्लू संपूर्ण संपलं तर सूचना देऊन देऊन गाडी शेवटी पुन्हा सुरूच होत नाही.)

हे सगळं चालायला इंधनही स्वच्छ लागतं, कारण गंधक उत्प्रेरकाला निकामी करतं. बीएस-टू डिझेलमध्ये दहा लाख भागांत 500 भाग गंधक चालायचं, बीएस-फोरमध्ये 50, आता 10. चाळीस लिटरची टाकी भरली, तर त्यात गंधक जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. या प्रवासाचा देशव्यापी आराखडा 2002 मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने मांडला होता.

फटका कोणाला बसला? छोट्या डिझेल मोटारीला. फिल्टर, उत्प्रेरक, सेन्सर यांचा खर्च मोठ्या एसयूव्हीच्या किमतीत मुरतो, हॅचबॅकच्या नाही. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंदच केल्या. रांजणगावच्या फियाट कारखान्यातही बनणारं 1.3 मल्टिजेट इंजिन, ज्यावर स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत किती गाड्या धावल्या, तेही गेलं. रोज पेण-वडखळ-पेण एवढीच धाव असेल, तर आता पेट्रोल किंवा सीएनजीच बरी. डिझेल घ्यावी ती आठवड्यातून एकदा तरी लांब पल्ला मारणाऱ्याने.

काही गॅरेजवाले डीपीएफच काढून देतात, संगणकात खोटी नोंद भरून. पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराचा फक्त दाटपणा बघतात, बारीक कण किंवा नायट्रोजन ऑक्साइड्स मोजतच नाहीत. त्यामुळे लबाडी पचूनही जाते. एका मोठ्या कंपनीनेही चाचणीला असंच फसवलं. 2015 मध्ये फोक्सवॅगनची ही फसवणूक उघड झाल्यावर पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने त्यांच्या इथल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या आणि कंपनीला भारतातल्या सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. प्रयोगशाळेत गुणी, रस्त्यावर वांड. एप्रिल 2023 पासूनच्या टप्प्यात म्हणूनच नव्या मॉडेलची चाचणी खऱ्या रस्त्यावरही होते: धूर मोजणारं यंत्र गाडीच्याच मागे बांधून, सिग्नल, चढ आणि रहदारीसकट. या चाचणीसाठी एखादी गाडी शनिवारी सकाळी अकराला वडखळ नाक्यावर आणून बघायला हवी.