दुष्फेन पाणी आणि रिठ्याचा फेस

वसईच्या किनाऱ्याने अर्नाळ्यापासून भुईगावपर्यंत फिरलात, तर केळीच्या आणि पानवेलींच्या पुष्कळ वाड्यांत आजही विहीर दिसते. सूर्या नदीचे पाणी नळाने आले, तरी न्हाण्याधुण्याला विहिरीचेच पाणी वापरणारी घरे आहेत. अशाच एका घरातील विद्यार्थिनीने मला एकदा वर्गात विचारले, “सर, माझी आजी म्हणते, विहिरीच्या पाण्याने न्हाताना केसांना साबण लावू नकोस, केस चिकट होतात, रिठा-शिकेकाई लाव. यात शास्त्र आहे, की ही नुसती जुनी समजूत?”

आजीचे म्हणणे खरे आहे. पण ते का खरे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. “रिठा नैसर्गिक आहे म्हणून चांगला,” असे पुष्कळजण सांगतील. ते कारण बरोबर नाही. खरे कारण पाण्यात आहे.

पाण्याची ओढ

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. आतल्या रेणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूने पाण्याचा शेजारीच नसतो. त्यामुळे पृष्ठभाग आकसू पाहतो आणि ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. यालाच आपण पृष्ठताण म्हणतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०७३ न्यूटन असतो. अळूच्या पानावर थेंब गोल राहतो, त्यात पानाच्या मेणचट पृष्ठाइतकाच या ताणाचाही वाटा असतो. तेलकट केसात किंवा कपड्याच्या धाग्यांत पाणी चटकन शिरत नाही, तेही यामुळेच.

मग पाण्याला आत शिरवायचे कसे? त्यासाठी असा रेणू हवा, की ज्याचे एक टोक पाण्यात रमते आणि दुसरे टोक पाण्यापासून दूर पळते. असे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात आणि ताण कमी करतात. शिवाय त्यांची पाण्याला नाकारणारी टोके तेलाच्या कणात रुततात, पाण्यात रमणारी टोके बाहेर राहतात, आणि तेलाचा कण पाण्याबरोबर वाहून जातो. मळ निघतो तो असा.

साबण कुठे हरतो?

साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. पावसाच्या पाण्यात त्याला भरपूर फेस येतो. पण जमिनीतून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. किनाऱ्याजवळ उपसा फार झाला, तर खालचे खारे पाणीही विहिरीत शिरते आणि हे क्षार आणखी वाढतात. कॅल्शियम साबणाशी संयोग पावते आणि न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. अशा पाण्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘दुष्फेन’ म्हटले आहे. शब्द किती नेमका आहे पाहा! ज्यात फेस येणे अवघड, ते दुष्फेन. ज्यात सहज येतो, ते सुफेन.

हा साका किती साबण खातो, याचा हिशोब करू. समजा, एका विहिरीच्या पाण्याची दुष्फेनता, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, दर लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. (भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ती २०० पर्यंत असावी, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते.) १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमागे सोडियम स्टिअरेटचे दोन रेणुभार, म्हणजे ६१२ ग्रॅम साबण खर्ची पडतो. यावरून दर लिटरला सुमारे १.८ ग्रॅम आणि २० लिटरच्या बादलीला सुमारे ३७ ग्रॅम साबण येतो. इतका साबण मळ काढण्याआधीच साका होऊन फुकट जाऊ शकतो. तोच साका केसांवर बसतो आणि केस चिकट होतात. आजीची तक्रार ती हीच.

रिठा कुठे जिंकतो?

रिठ्याच्या झाडाच्या प्रजातीला वनस्पतिशास्त्रात ‘सॅपिंडस’ म्हणतात. ‘भारतीय साबण’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून हे नाव आले. त्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. सॅपोनिनच्या रेणूला शर्करेची टोके असतात, ती पाण्यात रमतात. उरलेला भाग पाण्यापासून दूर राहू पाहतो. म्हणजे रचनेचे तत्त्व साबणाचेच. फरक असा, की कॅल्शियमच्या सान्निध्यात साबणासारखा साका त्यापासून बनत नाही. म्हणून दुष्फेन पाण्यातही रिठ्याला फेस येतो. शिकेकाईच्या शेंगांतही सॅपोनिनेच असतात.

दुसरा फरक आम्लतेचा. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते, रिठ्याचे किंचित आम्लधर्मी. रेशीम आणि लोकर ही प्रथिने आहेत आणि अल्कामुळे ती खराब होतात. म्हणून रेशमी शालू रिठ्याच्या पाण्यात धुण्याची रीत पडली.

मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की कारखान्यात बनवलेले अपमार्जक दुष्फेन पाण्यात रिठ्याप्रमाणेच टिकतात, आणि तुपातेलाची थाळी किंवा मळका कपडा रिठ्यापेक्षा अधिक चांगला स्वच्छ करतात.

तुम्हीच करून पाहा

बी काढलेल्या ५-६ रिठ्यांची टरफले एक पेला कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुसकरून गाळून घ्या. हे पाणी दोन-तीन दिवसांतच आंबते. ताजेच वापरा, आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबते.

पहिला प्रयोग : तीन सारख्या बाटल्यांत पावसाचे, विहिरीचे आणि समुद्राचे पाणी सारखे घ्या. प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे दहा थेंब टाका, वीस वेळा हलवा आणि फेसाची उंची पट्टीने मोजा. बाटल्या स्वच्छ धुऊन रिठ्याच्या पाण्याने हेच पुन्हा करा. सहा आकड्यांचा तक्ता तयार होईल.

दुसरा प्रयोग : औषधाच्या ड्रॉपरने १ मिलिलिटर साध्या पाण्याचे थेंब मोजा. साधारण २० भरतील. मग त्याच ड्रॉपरने रिठ्याच्या पाण्याचे मोजा. नळीच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबाला पृष्ठताण सावरून धरतो. ताण कमी झाला, की थेंब लहान असतानाच सुटतो, म्हणून थेंबांची संख्या वाढते. थॉमस टेट याने १८६४ साली हा नियम मांडला. थेंब सावकाश पडू द्या, कारण सॅपोनिनच्या मोठ्या रेणूंना पृष्ठभागावर पोहोचायला वेळ लागतो. साध्या पाण्याच्या थेंबांची संख्या भागिले रिठ्याच्या थेंबांची संख्या, हे दोन्ही पृष्ठताणांचे गुणोत्तर, ढोबळमानाने.

एवढ्या साध्या साधनांनी काय होणार, असे वाटते का? जर्मनीत आग्नेस पॉकेल्स नावाची एक मुलगी होती. त्या काळी तेथील विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद होते. घरची भांडी धुता धुता पाण्यावरच्या मळाच्या पापुद्र्याकडे तिचे लक्ष गेले. तिने घरीच उपकरण तयार करून पृष्ठताण मोजला. तिचे पत्र लॉर्ड रॅले यांनी मार्च १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आणले.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

स्वयंपाकघरातील इतर पदार्थांनाही हाच प्रश्न विचारा : हा नेमके काय करतो? चिंचेतील आणि लिंबातील आम्ल तांब्यावरचा काळा ऑक्साइडचा थर विरघळवते, म्हणून भांडे चकाकते; पण त्या धुवणात तांब्याचे क्षार उतरतात, ते पोटात जाता कामा नये. केळीच्या खुंटाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते तेलकटपणा काढते, पण राखेचे दाट पाणी हाताची त्वचा भाजून काढू शकते. लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यावर जोराने फसफसते. ते पाहून आपण खूश होतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून मोकळे होतात, आणि फसफसणे थांबल्यावर स्वच्छ करणारे फारसे काही उरत नाही. आणि विहिरीत टाकण्याच्या ब्लीचिंग पावडरीशी लिंबू किंवा चिंच कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी हात धुवायला मात्र साबणच घ्या.

रिठ्याचेही तसेच. जे सॅपोनिन तेलाचा कण सोडवते, तेच माशाच्या कल्ल्यांतील नाजूक पेशींना इजा करते. गेळाची फळे ठेचून डोहात टाकायची आणि मासे गुंगवायचे, ही जुनी रीत याच गुणावर चालते. तेव्हा रिठ्याची बादली सरळ बावखलात ओतू नका. ती झाडांच्या मुळाशी ओता. मातीतील जंतू सॅपोनिनचे विघटन करतात. बावखलातील मासा ते द्रव्य झाडावरून आले की कारखान्यातून, हे विचारत नाही.

त्या विद्यार्थिनीने आपल्या विहिरीच्या पाण्याचा आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा तक्ता मला आणून दाखवला. विहिरीच्या पाण्यात साबणाचा फेस बोटभरही नव्हता. रिठ्याचा बराच वर चढला होता. तो तक्ता तिने आजीलाही दाखवला. आजी म्हणाली, “मी काय वेगळं सांगत होते?”

तुमच्या विहिरीचे पाणी काय सांगते, ते पाहा. सहा आकडे वहीत उतरवा आणि मगच ठरवा.