मुळशींत घर बांधतांना : उजेड, वारा, पाणी आणि वीज

नोकरीचीं तीस-पस्तीस वर्षें शहरांतील दोन-तीन खोल्यांत काढल्यावर, उतारवयांत कोठें तरी चार गुंठे जमीन घेऊन मनाजोगें घर बांधावें, ही इच्छा पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत असते. आणि पुण्याच्या माणसाची ही इच्छा अलीकडे बहुधा मुळशीकडे वळते. भूगांव, पिरंगुट मागें टाकून पौडचा रस्ता धरला कीं डोंगर जवळ येतात, हवा पालटते आणि मनुष्य जमिनीचा भाव विचारूं लागतो. भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी अशा घरांत ओतली जाते. परंतु घरासंबंधीं कुटुंबांत जी चर्चा चालते ती ऐकावी, तर ती फरशीचा रंग, दर्शनी भागाची शोभा आणि जिन्याचा कठडा यांभोंवतींच फिरत असते. खिडकी कोणत्या दिशेस, पाणी कोठून यावयाचें, सांडपाणी कोठें जावयाचें, विजेची तार कोणत्या बाजूनें घ्यावयाची, हे प्रश्न भिंती उभ्या राहिल्यावर निघतात. फरशी पुढेंमागें बदलतां येते. खिडकीची दिशा बदलतां येत नाहीं.

मुळशी म्हणून ज्यास आपण एक तालुका म्हणतों, तो हवामानाच्या दृष्टीनें एक नाहींच. पूर्वेस हिंजवडी, माण हीं गांवें. तेथला पाऊस बव्हंशीं पुण्यासारखा. पश्चिमेस ताम्हिणीचा घाट. तेथें २०२४ च्या जुलै महिन्यांत, २५ तारखेस नोंदल्याप्रमाणें, चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणें शहरांत सबंध वर्षांत जेवढा पाऊस पडतो, त्याच्या सुमारें तीन-चतुर्थांश हा एका दिवसाचा आंकडा आहे. तेव्हां कोथरूडच्या सदनिकेचा नकाशा उचलून माल्याच्या किंवा ताम्हिणीच्या बाजूस ठेवणें म्हणजे देशावरचा अंगरखा घालून कोंकणांत उतरण्यासारखें आहे.

आतां खिडकीकडे वळूं. संस्कृतांत खिडकीस दोन सुंदर नांवें आहेत. एक वातायन, म्हणजे वारा जाण्यायेण्याची वाट. दुसरें गवाक्ष, म्हणजे गाईचा डोळा. मौज अशी कीं, इंग्रजीतील खिडकीवाचक शब्दहि ज्या जुन्या नॉर्स शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असाच आहे. पृथ्वीच्या दोन टोकांच्या लोकांना खिडकी पाहून डोळाच आठवावा, आणि वाराहि आठवावा! खिडकीचीं हीं दोन कामें. पाहणें हें एक आणि श्वास घेणें हें दुसरें. आणि हल्लींचीं घरें पाहतां, पहिल्यापायीं दुसऱ्याचा बळी जातो असें माझें स्पष्ट मत आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मुळशीच्या जलाशयाच्या बाजूस घर बांधलें. वृद्ध आई सोबत राहावयाची होती. तिला दम्याचा विकार. आईला पलंगावर पडल्यापडल्या पाणी दिसावें, या प्रेमळ हेतूनें त्यानें पश्चिमेची मोठी खोली तिला दिली आणि तिच्या भिंतीस जवळजवळ छतापर्यंत कांच बसविली. एप्रिलमध्यें दुपारीं तीननंतर त्या खोलींत बसवेना. जुलैमध्यें झड इतकी येई कीं कांच उघडण्याची सोय नव्हती. आणि बंद कांचेच्या आंत, श्रावण येईतों, कपाटामागची भिंत बुरशीनें काळी झाली. आईचा दमा बळावला. शेवटीं पूर्वेच्या बाजूस धान्य ठेवण्यासाठीं म्हणून जी लहानशी खोली काढली होती, तेथें त्या माउलीचा पलंग गेला, आणि तेथें तिला झोंप लागूं लागली. त्या लहान खोलीस समोरासमोर दोन खिडक्या होत्या, एवढाच काय तो फरक.

मावळांतील जुनीं घरें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना ठाऊक आहे कीं, छप्पर इतकें खालीं उतरलेलें असतें कीं पडवींत शिरतांना मान लववावी लागते. पश्चिमेस खिडकी नसते किंवा असली तर हातभर. पावसाळ्यापूर्वीं त्या भिंतीस बाहेरून गवताच्या ताट्या बांधीत. शहरी पाहुणा यास अडाणीपणा समजतो. वास्तविक पाऊस कोणत्या दिशेनें मारा करतो हें पिढ्यान् पिढ्या पाहून केलेली ती रचना आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा येथें पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो आणि पाऊस उभा न पडतां आडवा येतो. थोडें भूमितीचें गणित करूं. पाऊस पंचेचाळीस अंशांच्या कोनानें आला, तर दोन फुटांचा छज्जा आपल्याखालीं दोनच फूट कोरडे राखतो. खिडकी चार फूट उंच असेल तर खालचा अर्धा भाग भिजणारच. म्हणून पश्चिमेचें दृश्य ज्यांना हवें असेल त्यांनीं तें खिडकींतून न पाहतां आठ फूट रुंदीच्या पडवींतून पाहावें. पडवी ही खोलीचीच छत्री होय.

उन्हाचा विचार त्याहून सोपा आहे, कारण सूर्य आपलें वेळापत्रक मोडीत नाहीं. मुळशीचा अक्षांश सुमारें साडेअठरा. मेच्या मध्यास सूर्य मध्यान्हीं बरोबर माथ्यावर असतो. काठी उभी केली तर सावली नाहींशी होते. अर्थात् उन्हाळ्याच्या दुपारीं दक्षिणेच्या खिडकींतून ऊन फारसें आंत येत नाहीं. उलट डिसेंबरच्या बावीस तारखेच्या सुमारास मध्यान्हींचा सूर्य क्षितिजापासून सुमारें अठ्ठेचाळीस अंशांवर, दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हां छज्जाखालून तेंच ऊन आंत येतें, आणि थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना तें हवेंच असतें. दक्षिणेची खिडकी याप्रमाणें लहानशा छज्जानें वश होते. पश्चिमेची होत नाहीं, कारण मावळतीचा सूर्य छज्जाच्या खालून शिरतो. पूर्वेच्या व उत्तरेच्या खिडक्या मोठ्या ठेवण्यास मुळशींत कसलीच अडचण नाहीं.

खिडकी केवढी असावी? राष्ट्रीय इमारत संहितेंत याचें प्रमाण दिलेलें आहे : उष्ण व कोरड्या हवेंत खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाचा एक-दशांश, उष्ण व दमट हवेंत एक-षष्ठांश, दारें यांत मोजावयाचीं नाहींत. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीस दमट हवेंत वीस चौरस फूट खिडकी पाहिजे. पण येथें एक मेख आहे. अॅल्युमिनियमची सरकती खिडकी वीस चौरस फुटांची बसविली तरी एका वेळीं तिचा अर्धाच भाग उघडतो. उजेड वीस फुटांचा आणि वारा दहाचा. जुनी दोन दारांची सागवानी खिडकी पावसांत फुगते, कुरकुरते, तिला दर दोन वर्षांनीं तेलपाणी करावें लागतें, हें सारें खरें; तथापि ती उघडली म्हणजे पूर्ण उघडते. माझी पसंती तिलाच आहे. शिवाय एकाच भिंतींत दोन खिडक्या काढल्यानें वारा वाहत नाहीं. त्यास येण्याची वाट पाहिजे तशी जाण्याचीहि पाहिजे. खिडकी समोरासमोर देतां येत नसेल तर निदान वरच्या अंगास झरोका ठेवावा, म्हणजे तापलेली हवा वर चढून निघून जाते. स्वयंपाकघराविषयीं तर हें विशेष लागू आहे. घरांतील जी व्यक्ति सर्वांत अधिक वेळ धुरांत व वाफेंत उभी असते, तिच्या वाट्यास बहुधा सर्वांत लहान खिडकी येते, आणि तीहि शेजारच्या भिंतीकडे तोंड केलेली! ओट्यासमोरची खिडकी हें ज्या नकाशांत नसेल, तो नकाशा गृहिणीला न विचारतां झालेला आहे असें खुशाल समजावें.

शेजाऱ्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतों. लगतचा भूखंड आज मोकळा आहे एवढ्यावर विसंबून त्या बाजूच्या खिडकीवर घराचा सारा उजेड टाकूं नये. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें खिडकींतून येणाऱ्या उजेडाचा व हवेचा हक्क चिरवहिवाटीनें मिळण्यास वीस वर्षांचा निर्वेध उपभोग लागतो. साठाव्या वर्षीं घर बांधणाऱ्यानें या हक्काची वाट किती पाहावी, याचा हिशेब त्यानेंच करावा! त्यापेक्षां नियमानें सोडावें लागणारें सामासिक अंतर आपण होऊन दोन-तीन फुटांनीं वाढविणें स्वस्त पडतें.

परवानगीच्या प्रकरणांत मी शिरत नाहीं. पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ सालीं स्थापन झालें, राज्याची एकत्रित विकास नियमावली २०२० सालीं आली, आणि सूस, म्हाळुंगे हीं गांवें २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलीं. अकृषिक वापराचे नियमहि वारंवार पालटले आहेत. ज्या दिवशीं अर्ज करावयाचा त्या दिवसाचा नियम कार्यालयांत जाऊन वाचावा. जमीन दाखविणाऱ्या दलालाचें तोंडी आश्वासन हा नियम नव्हे.

विजेविषयीं लिहितांना मुळशीचा इतिहास विसरणें शक्य नाहीं. मुळा नदीवर टाटांनीं धरण बांधावयास घेतलें, तेव्हां जमिनी व घरें जाऊं नयेत म्हणून येथील मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्याचे पुढारी. धरण झालेंच, गांवें पाण्याखालीं गेलीं. पूर्वेस वाहावयाचें मुळेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस वळविण्यांत आलें, आणि घाटाखालीं भिरा येथें त्यावर निर्माण होणारी वीज मुंबईस गेली. ज्यांच्या चुली बुडाल्या त्यांच्या घरीं दिवा लागावयास त्यानंतर पिढ्या जाव्या लागल्या. म्हणून जलाशयाच्या कांठीं नवा बंगला बांधून, 'येथें वीज फार जाते हो', अशी तक्रार गांवकऱ्यांपुढें करणाऱ्या पाहुण्यानें ती जरा हळू आवाजांत करावी.

असो. २००३ च्या विद्युत् कायद्याप्रमाणें अर्ज पोंचल्यापासून एका महिन्याच्या आंत जोडणी द्यावी असा दंडक आहे. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांत ग्रामीण भागासाठीं ही मुदत पंधरा दिवसांवर आणली असून डोंगराळ ग्रामीण भागासाठीं ती तीस दिवस ठेवली आहे. पण ही मुदत आयत्या तारेची. तार वाढवावी लागत असेल, नवीन खांब उभारावे लागत असतील, तर काळहि वाढतो आणि खर्चहि. म्हणून जमीन पाहावयास जातांना विहिरीइतकेंच लक्ष विजेच्या शेवटच्या खांबाकडे द्यावें आणि अंतर पावलांनीं मोजून घ्यावें. बांधकामापुरती तात्पुरती जोडणी निराळी घ्यावी लागते. शेजाऱ्याच्या पंपावरून तार ओढण्याचा प्रकार बेकायदेशीर तर आहेच, आणि ओल्या जमिनींत तो जिवावर बेततो. मुळशीच्या ओलसर हवेंत भूयोजन, ज्यास सर्वजण अर्थिंग म्हणतात, तें नीट असलेंच पाहिजे. आणि तीस मिलिअँपिअरची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ मुख्य फळीवर बसविण्यांत काटकसर करूं नये. मीटर पश्चिमेच्या भिंतीवर कधींहि नको. सौर पत्र्यांचा सध्यां बोलबाला आहे, सरकारी अनुदानहि मिळतें. तथापि येथें चार महिने ढग असतात हें ध्यानांत ठेवूनच त्यांचा हिशेब मांडावा.

पाण्याचा प्रश्न वरकरणीं हास्यास्पद वाटतो. जेथें आषाढांत डोंगरावरून शेंकडों धबधबे कोसळतात, तेथें वैशाखांत हंडा घेऊन रांग लावावी लागते! कारण खडकांत आहे. हा काळा पाषाण पाणी पोटांत धरीत नाहीं. तें फक्त त्याच्या भेगांत व वरच्या कुजक्या थरांत राहतें आणि उतारावरून लवकर निघून जातें. नळयोजना ज्या गांवीं पोंचली आहे तेथें ठीक; २०१९ च्या जलजीवन मोहिमेचें प्रमाण दरमाणशीं दररोज पंचावन्न लिटरांचें आहे. चार माणसांस दिवसाला दोनशेंवीस लिटर, म्हणजे फेब्रुवारी ते मे या एकशेंवीस दिवसांस २६,४०० लिटर. आतां छपराकडे पाहा. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं शंभर लिटर पाणी होतें. तीनशें मिलिमीटर पावसांत, थोडी गळती धरूनहि, ही सारी बेगमी होऊन जाते. ताम्हिणीच्या बाजूस एवढा पाऊस कधीं कधीं एका दिवसांत पडतो. तेव्हां सत्तावीस-अठ्ठावीस हजार लिटरांची झांकलेली टांकी जोत्याबरोबरच बांधून घ्यावी. पहिल्या दोन पावसांचें पाणी बाहेर सोडावें, म्हणजे छपरावरची धूळ व पाला टांकींत जात नाहीं. पिण्यासाठीं मात्र तें गाळून उकळावें.

सांडपाण्याविषयीं बोलण्यास आपण लाजतों आणि पुढें त्याचेंच पाणी पितों. शौचकूपाचें पाणी जिरविणारा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून अठरा मीटर, म्हणजे सुमारें एकोणसाठ फूट, दूर पाहिजे. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. चार गुंठ्यांचा चौरस भूखंड सहासष्ट फुटांचा. मध्यें घर, एका कोपऱ्यांत कूपनलिका. खड्डा समोरच्या कोपऱ्यांत कसाबसा बसतो. पण शेजाऱ्याची कूपनलिका जर त्याच कोपऱ्यास लागून असेल तर? दोघांनीं खोदाईपूर्वीं एकदां कुंपणापाशीं उभें राहून बोलावें, याखेरीज दुसरा उपाय नाहीं. भरपावसांत जमिनींतील पाणी अगदीं वर येतें आणि खड्डा जिरवीत नाहीं. म्हणून तो उताराच्या खालच्या अंगास असावा, आणि छपराचें पाणी चुकूनहि त्यांत सोडूं नये.

जोतें भरण्यापूर्वीं गवंड्याकडून एक काम समक्ष उभें राहून करून घ्यावें. पाणी आंत येण्यासाठीं एक, सांडपाणी बाहेर जाण्यासाठीं एक, विजेच्या तारेसाठीं एक आणि पुढें लागेल म्हणून एक रिकामी, अशा चार जाड नळ्या भरावांत आरपार घालून त्यांचीं तोंडें गोणपाटानें बांधून ठेवावीं. आणि त्या कोठें आहेत हें नकाशावर शाईनें लिहून तो नकाशा खरेदीखताबरोबर पेटींत ठेवावा.