नाकाला काम हवे

दिव्याला आमच्या एका स्नेह्यांकडे मोती नावाचा गावठी कुत्रा आहे. घर दोन खोल्यांचे. नवरा-बायको सकाळच्या लोकलने मुंबईला जातात, नववीतली मुलगी दुपारी शाळेत. तेवढा वेळ मोती गॅलरीत साखळीला बांधलेला. त्याने चपलांचे दोन जोड फाडले, दाराची चौकट कुरतडली, आणि त्याच्या भुंकण्याची तक्रार घेऊन शेजारी आले. ‘कुत्रा वाया गेला, गावाकडे सोडून येतो,’ असे वडील म्हणू लागले. मुलीने आम्हाला विचारले, मोती खरेच वाया गेला आहे का?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी रस्त्यावरचा कुत्रा पाहू. पोट भरायचे तर त्याला कचराकुंडी, मासळीबाजार, खानावळीचे मागचे दार हुंगत फिरावे लागते. मोतीला दूधभात आयता मिळतो आणि अर्ध्या मिनिटात संपतो. अन्न शोधण्याचे श्रम वाचले. पण ते शोधण्यासाठी घडलेले नाक आणि मेंदू तसेच आहेत.

हे नाक साधे नाही. वास ओळखणारी ग्राहके बनवणारी कार्यक्षम जनुके माणसात सुमारे ४०० असतात, तर कुत्र्यात सुमारे ८००. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर करतो. बाहेर पडणारी हवा नाकपुड्यांच्या कडेच्या फटींतून बाजूला जाते, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. मार्च १९९३मधील मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांच्या झंजीर या लॅब्रॅडॉर कुत्र्याने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकून दिले, ते अशाच नाकाच्या बळावर.

आता प्रश्न असा, की आयते मिळाले तर कुत्रा अधिक खूश असतो का? स्वीडनमधील मॅकगोवन व सहकाऱ्यांनी २०१४मध्ये बारा बीगल कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना एखादी कळ दाबून किंवा वस्तू हलवून बक्षीस मिळवावे लागे; त्यांच्या जोडीदारांना तेच बक्षीस तेवढ्याच वेळाने आपोआप मिळे. स्वतः मिळवणारे कुत्रे अधिक शेपटी हलवत आणि प्रयोगाच्या खोलीत उत्साहाने शिरत. ड्युरँटन व हॉरोविट्झ यांनी २०१९मध्ये पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाने दोन आठवडे वासावरून अन्न शोधले, दुसऱ्याने मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव केला. त्यानंतर ‘यात अन्न असेल की नाही’ अशी शंका वाटावी अशा जागी वाटी ठेवली, तेव्हा पहिल्या गटातले कुत्रे तिच्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेले. शास्त्रज्ञांनी याला आशावादी वृत्तीची खूण मानले.

म्हणजे घर लहान असले तरी फारसे बिघडत नाही. कुत्र्याला शोधण्यासारखे काहीतरी हवे. पोळीचे तुकडे जुन्या फडक्यात गुंडाळून किंवा कागदाच्या बोळ्यांनी भरलेल्या खोक्यात लपवून द्यावेत. फिरायला नेताना दोरी सैल सोडून त्याला हवे तेथे थांबून हुंगू द्यावे. मात्र उन्हात नेऊ नये. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरच्या व श्वसनमार्गातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने तो शरीर थंड ठेवतो. खाडीकाठच्या दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते. चघळायला शिजवलेली हाडे देऊ नयेत. ती फुटून टोकदार होतात.

कायद्यालाही ही गरज ठाऊक आहे. सतत साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सुचवतो. तीन सारख्या वाट्या घ्या आणि आतून पोळीने पुसा, नाहीतर आधीच्या फेरीचा वास फसवील. चिठ्ठी काढून एका वाटीखाली पोळीचा तुकडा ठेवा. तुकडा ठेवणाऱ्याने बाहेर जावे, आणि कुत्र्याला सोडणाऱ्याला तो कोठे आहे हे ठाऊक नसावे. एवढी काळजी कशासाठी? बर्लिनचा हॅन्स नावाचा घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्टने १९०७मध्ये दाखवले, की तो प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत असे. रोज पाच अशा सहा दिवसांत ३० फेऱ्या करा. नुसत्या अंदाजाने सुमारे १० वेळा बरोबर येईल. २० वेळा आले, तर नाक काम करते आहे असे समजायला हरकत नाही. उत्तर काहीही आले तरी कुत्र्याचे सहा दिवस मजेत जातील!

मोतीची साखळी सुटली. मुलगी शाळेत जाण्यापूर्वी घरभर पोळीचे तुकडे लपवते. महिनाभरात कुरतडणे बरेच कमी झाले. भुंकणे अजून आहे. एका कुत्र्यावरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. पण वडील आता त्याला गावी सोडण्याचे नाव काढत नाहीत. वर्गात सतत चुळबुळ करणाऱ्या मुलाला ‘वाया गेलेला’ म्हणण्यापूर्वी त्याला करण्यासारखे काही दिले आहे का, असे शिक्षक स्वतःला विचारतातच. तोच प्रश्न कुत्र्याच्या बाबतीतही विचारायला हवा.