अजिंठ्याच्या ओसरीतलं चक्र

अजिंठ्याला तुम्ही गेला असालच. शाळेच्या सहलीत, नाहीतर घरी पाहुणे आल्यावर. सतरा नंबरच्या लेण्यात सगळे घाईने आत शिरतात. पुढच्या वेळी ओसरीतच थांबा आणि डाव्या टोकाची भिंत बघा. रंग उडालेलं, बरंचसं नष्ट झालेलं एक मोठं चक्र दिसेल. इंग्रजांना ते राशिचक्र वाटलं आणि त्यांनी लेण्याचं नावच ‘झोडिअ‍ॅक केव्ह’ ठेवलं. राशींचा इथे काहीएक संबंध नाही. हे भवचक्र आहे: जन्म, मरण, पुन्हा जन्म.

गंमत पुढे आहे. विहाराच्या दारात असं चक्र काढा, हा नियम मूलसर्वास्तिवादी पंथाच्या विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, सापडतो. मधोमध कबूतर, साप आणि डुक्कर (लोभ, द्वेष, मोह) काढा, हेही तिथेच. शिवाय आलेल्या लोकांना चित्र समजावायला एक भिक्खू नेमा! थोडक्यात, गाइडची पोस्ट. लेणं पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. अजिंठ्यातल्या अनेक चित्रकथा याच विनयाशी जुळतात, हे डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाने दाखवलं.

पण हे लोक मानत काय होते? बुद्धांनंतर संघात फाटे फुटले. स्थविरांच्या परंपरेतून सर्वास्तिवादी निघाले, मथुरा आणि काश्मीरकडे वाढले. ‘मूल’ लावणारे त्यांचेच भाऊबंद. नेमकं नातं काय, यावर अभ्यासक अजून भांडतात. नावातच मत आहे: ‘सर्व अस्ति’. भूत, वर्तमान, भविष्य, तिन्ही काळांतले धर्म, म्हणजे अस्तित्वाचे मूळ घटक, आहेतच. ऐकायला विचित्र वाटतं ना? त्यांचा मुद्दा ऐका. पहिल्या सेमिस्टरचा बॅकलॉग तिसऱ्यात येऊन मानगूट पकडतो. केलेलं कर्म पार नाहीसं झालं असेल, तर त्याचं फळ आज देतं कोण?

विरोधक सौत्रांतिक विचारायचे, मग अनित्यतेचं काय? उत्तर असं की घटक टिकतो, त्याचं काम (‘कारित्र’) मात्र फक्त वर्तमानात घडतं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. वसुबंधूलाही पटलं नव्हतं. ‘अभिधर्मकोशा’च्या भाष्यात त्याने त्याची चांगलीच हजेरी घेतलीय.

तिबेटी भिक्खू आजही हाच विनय पाळतात. लडाखला गेलात तर गोंपांच्या दारात भवचक्र बघा. तिथे ते पूर्ण आहे.