जतन म्हणजे जपणूक नव्हे

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील कचेऱ्यांत अनेक संगणक एकाच सामायिक साठ्यावर लिहितात. मजकूर 'सेव्ह' करताना काही प्रणाली जुनी फाइल आधी रिकामी करतात व मग नवा मजकूर उतरवितात. नेमके तेव्हाच नेटवर्क तुटले, तर जुने गेलेले असते आणि नवे आलेले नसते. दोष मात्र कारकुनाच्या माथी येतो! वास्तविक नवी प्रत पूर्ण लिहून, पडताळून, मगच जुनी हटविणे हे प्रणाली रचणाऱ्यांचे काम होय. २०२१ मध्ये येथील स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवरील माहिती खंडणीखोरांनी कुलूपबंद केली. कारण निराळे, धडा तोच: रोजची स्वतंत्र प्रत ही हौस नव्हे, कार्यालयाचे कर्तव्य आहे.